गिअरपेटीची नाडीपरीक्षा

आमच्या अण्णामामांचे मिरजेला मोटारदुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, तर स्टेशनच्या वाटेवर पत्र्याची एक शेड, पुढे एक कडुनिंब आणि निंबाखाली लाकडी बाक. मोटार घेऊन आलेल्या माणसाला मामा आधी त्या बाकावर बसवीत, चहा सांगत, आणि मोटारीकडे ढुंकूनही न पाहता विचारीत, "केव्हापासून?" मिरज हे वैद्यकीचे गाव. तिथल्या मिशन हॉस्पिटलात रोग्यालाही पहिला प्रश्न हाच विचारीत, आणि मामांनी तो तिथूनच उचलला असावा असा आम्हा भाच्यांचा समज होता.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. यंत्रातले मला जे काही कळते ते त्या बाकावर बसून कळले तेवढेच. तरीही या दिवाळीत मी सनावळ्या सोडून, किंबहुना सनावळ्यांसकट, मोटारीच्या गिअरपेटीची गोष्ट सांगायला बसलो आहे. त्याला कारण गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला खंडाळ्याच्या घाटात घडलेला प्रकार.

मुलगी गाडी चालवीत होती, मी शेजारी, मागे नातू. गाडी स्वयंचलित गिअरची. म्हणजे डाव्या पायाला काम नाही आणि डाव्या हातालाही फारसे नाही. खोपोली मागे पडली, चढ लागला, आणि अर्ध्या घाटात गाडीने एक हिसका दिला. एंजिन एकदम ओरडू लागले, पण गाडी काही पुढे सरेना. पाठोपाठ दुसरा हिसका, समोर पिवळा दिवा, आणि मग गाडी एका गिअरमध्ये जी अडून बसली ती थेट लोणावळ्यापर्यंत. मागे मालमोटारींचे भोंगे, बाजूला दरी, आणि नातू विचारतो आहे, "आजोबा, आपण मागे जाणार का?" मुलीने मान हलविली नाही की तोंड उघडले नाही. दोन्ही हातांनी चाक धरून तिने गाडी वर काढली. वर पोचल्यावर मात्र तिचे हात कापत होते.

पुण्याच्या एका मोठ्या कार्यशाळेत गाडीला संगणक जोडला. दहा मिनिटांत छापील कागद हाती आला. निदान पी ०७३०, आणि उपाय एकच: संपूर्ण गिअरपेटी नवी. खर्च २ लाख ८० हजार रुपये. मुलीच्या डोक्यावर घराचे कर्ज. त्या दिवाळीत आमच्या घरी चकलीच्या काट्यापेक्षा या आकड्याचेच काटे अधिक टोचले. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. एवढ्या मोठ्या कार्यशाळेत "केव्हापासून?" हे आम्हाला एकानेही विचारले नव्हते.

आता थोडे मागे जाऊ. मोटारीच्या एंजिनाचा एक उपजत दुबळेपणा आहे. अगदी हळू फिरताना त्याच्यात जोर नसतो. बैल उभ्या जागी गाडी ओढू शकतो, एंजिन शकत नाही. म्हणून चाक आणि एंजिन यांच्यामध्ये दातेरी चाकांची एक मध्यस्थी लागते: निघताना वेग कमी पण जोर जास्त, पुढे जोर कमी पण वेग जास्त. पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कंपनीतल्या एमिल लेव्हासोरने १८९१ च्या सुमारास ही चाके दांड्याने सरकवून एकमेकांत अडकविण्याची रीत बसविली. रीत रानटी आहे पण चालते, असे तोच म्हणाल्याचे सांगतात. फिरत्या दात्यांत फिरते दाते घुसवायचे म्हणजे खडखडाट आलाच. तो टाळण्यासाठी क्लच दाबा, गिअर सोडवा, क्लच सोडा, एंजिनाची गती जुळवा, पुन्हा क्लच दाबा, असा द्राविडी प्राणायाम चालकाला करावा लागे. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. त्या काळातल्या गाड्यांच्या चालकांचे घाटातले पदन्यास ज्यांनी पाहिले असतील त्यांना निराळे सांगायला नको.

या खडखडाटावर पहिला चांगला उतारा काढला तो अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन माणसाने. त्याची सिंक्रोमेश युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली. दाते भिडण्यापूर्वी दोन चाकांच्या गती आपोआप जुळू लागल्या. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर तृप्त होऊन घरी बसला असता. थॉम्प्सनच्या मनाने घेतले की चालकाला गिअर बदलायलाच लागू नये.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ मध्येच आपोआप गिअर बदलणारी मोटार काढली होती. फिरत्या वजनांनी क्लच ओढून घ्यायचा असा तिचा बेत, पण तो टिकला नाही. टिकाऊ उत्तर मिळाले ते दोन निराळ्या घरांतून आलेल्या दोन वस्तूंच्या लग्नातून.

त्यातली एक वस्तू जहाजांच्या गोदीतली. जर्मनीचा हेर्मान फ्योटिंगर हा श्टेटिनच्या जहाज कारखान्यात काम करी. वाफेची टर्बाइन भरधाव फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, या पेचावर त्याने १९०५ मध्ये तेलापाण्याच्या प्रवाहातून जोर पोचविण्याचे पेटंट घेतले. हे तत्त्व समजायला कारखान्यात जायला नको. ताक करताना डेऱ्यावरचा हात काढा: रवी एकीकडे फिरते, आणि तिला न चिकटलेला डेराही ताकाच्या ओढीने हळूहळू त्याच दिशेला फिरू लागतो. रवी म्हणजे एंजिन, डेरा म्हणजे चाके, मधले ताक म्हणजे तेल. डेरा हाताने अडवून धरला तरी रवी थांबत नाही. तसेच चौकात ब्रेकवर पाय ठेवला तरी एंजिन बंद पडत नाही. फ्योटिंगरने यात आणखी एक स्थिर चाक घातले. ते परतणारा प्रवाह वळवून पुन्हा कामाला लावते आणि त्यामुळे जोर वाढतो. आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात तो हाच.

दुसरी वस्तू ग्रहमालेची. मध्ये एक दातेरी चाक, तो सूर्य. भोवती फिरणारी लहान चाके, ते ग्रह. सर्वांना वेढणारे आतून दातेरी असे कडे. यातले एक अडवून धरले की बाकीच्या दोघांच्या गतीचे प्रमाण बदलते; कोणतीही दोन एकत्र बांधली की सारा संसार एकजीव फिरू लागतो. गंमत अशी की यात दाते एकमेकांतून कधी सुटतच नाहीत. गिअर बदलणे म्हणजे कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, एवढेच उरते. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत हीच ग्रहमाला होती, फक्त धरसोड चालकाने पायाने करायची. तशा दीड कोटींवर गाड्या १९२७ पर्यंत निघाल्या.

थॉम्प्सन आणि त्याच्या सोबत्यांनी जनरल मोटर्समध्ये या दोन्ही वस्तू एकत्र आणल्या आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाडीत हायड्रा-मॅटिक नावाने चार गिअरांची स्वयंचलित पेटी बसविली. जादा किंमत ५७ डॉलर. इथे तेल दोन नोकऱ्या करी. एक जोर पोचविण्याची आणि दुसरी, जास्त नवलाची, विचार करण्याची. गाडीचा वेग वाढेल तसा एका बाजूने तेलाचा दाब वाढे; पायाने पेट्रोल द्यावे तसा दुसऱ्या बाजूने वाढे. या दोन दाबांची एका झडपेवर रस्सीखेच चाले आणि जिंकेल त्याप्रमाणे गिअर पडे. रमतगमत निघालात तर लवकर वरचा गिअर, पाय दाबून निघालात तर उशिरा. विजेची तार नाही, संगणक नाही. नुसती तेलाची अक्कल.

पुढे महायुद्ध आले. ज्या पेट्या शेटजींच्या गाड्यांसाठी घडविल्या त्याच जोडीने अमेरिकेच्या एम ५ स्टुअर्ट रणगाड्यात बसल्या. युद्धानंतर तर इंग्लंडच्या रोल्स-रॉइसनेही स्वाभिमान गिळून १९५२ पासून हायड्रा-मॅटिक स्वीकारली. इतके यश मिळाल्यावर दृष्ट लागणारच. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया येथल्या हायड्रा-मॅटिकच्या कारखान्यात जोडकामाच्या ठिणगीने आग लागली, माणसे दगावली आणि कारखान्याची राख झाली. उत्पादन दुसरीकडे उभे राहीपर्यंत कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबील गाड्यांना ब्यूकची डायनाफ्लो पेटी उसनी घ्यावी लागली. या डायनाफ्लोशीच आमच्या मामांची गाठ पडली, ती अशी.

१९५८-५९ साल असावे. मी दहा-अकरा वर्षांचा. एका संस्थानिकांची अवाढव्य ब्यूक निंबाखाली येऊन उभी राहिली. नवा ड्रायव्हर मुंबईहून आलेला, पूर्वी एका शेटजींची हायड्रा-मॅटिकवाली गाडी चालविणारा, म्हणून भलताच आत्मविश्वासाचा. तक्रार अशी की गिअर पडत नाही. मामांनी "केव्हापासून?" विचारले. ड्रायव्हर म्हणाला, "मी आल्यापासून." मामा गाडी घेऊन सांगलीच्या रस्त्याने दोनदा जाऊन आले. गाडी लोण्यासारखी जाई, पण गिअर खरेच पडत नव्हता. त्यांनी तेल बोटावर घेतले, हुंगले, पांढऱ्या धोतराच्या टोकावर टिपून उन्हात पाहिले. स्वच्छ. पेटी उघडायला हात शिवशिवत होते, पण उघडली नाही. मुंबईच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याला पत्र टाकले, आणि बारा दिवसांनी त्या गाडीचे पुस्तक आले. मामांचे इंग्रजी बेताचे. माझे वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवीत, त्यांनी बाकावर बसून ते मोठ्याने वाचून, अर्थ सांगत सांगत ऐकविले. तिसऱ्या संध्याकाळी उलगडा झाला. डायनाफ्लोमध्ये नेहमीच्या चालीत गिअर बदलतच नाही! १९४८ मध्ये ती पेटी निघाली तीच मुळी सारे काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोपवून. गाडीला काही झाले नव्हते. ड्रायव्हर दुसऱ्याच गाडीची सवय घेऊन आला होता. मामांनी टपालखर्च तेवढा घेतला. पुस्तक मात्र परत दिले नाही.

त्या पुस्तकातून आणि पुढे आलेल्या आणखी एकदोन पुस्तकांतून मामांनी जी विद्या मिळविली ती मला फार आवडे, कारण ती इतिहासकाराच्या विद्येसारखीच होती. समजा, लग्नाच्या पंगतीनंतर काही जणांची पोटे बिघडली. शहाणा माणूस काय विचारतो? आजारी पडले त्या सर्वांच्या पानात काय होते, आणि जे धडधाकट राहिले त्यांच्या पानात काय नव्हते? गिअरपेटीचेही तसेच. कोणत्या गिअरला कोणत्या क्लचच्या चकत्या आणि कोणते पट्टे धरले जातात याचा तक्ता असतो. पहिला आणि दुसरा ठीक, तिसरा आणि चौथा घसरतो. तर तिसऱ्या-चौथ्यात समान कोण? तो संशयित. सगळेच गिअर घसरत असतील तर सगळ्यांच्या पानात वाढले गेलेले, म्हणजे तेल, त्याची पातळी, पंप, दाब. गिअर घसरत नाहीत पण सगळेच उशिरा पडतात, तर पेट्रोलच्या पायाकडून येणारी दांडी नीट जुळलेली आहे का ते पाहा; पेटीला हात लावू नका.

आणि हिसका? त्याला पालखीचे उदाहरण मामाच देत. वारीत खांदेकरी बदलतात. जुन्याने खांदा काढला आणि नव्याने अजून दिला नाही, तर पालखी खचते. गाडीत एंजिन मोकाट ओरडते. जुना सोडीत नाही आणि नवाही धरतो, तर दोघांची ओढाताण होऊन पालखी हिसडते. गाडीत तोच धक्का बसतो. पहिल्या हायड्रा-मॅटिकमध्ये दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दोन ग्रहमालांचे खांदे एकाच क्षणी उलटसुलट बदलावे लागत. त्यामुळे तिथला धक्का ही तिची खोडच होती आणि जुळणी करता करता मिस्त्री मेटाकुटीस येत.

या सगळ्यात तेलाची कथा निराळीच आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये या पेट्यांच्या तेलाचा नमुना ठरवून दिला, त्याला टाइप ए म्हणत. गळती झाली तर ती एंजिनाच्या तेलाची नव्हे हे झटकन ओळखू यावे म्हणून त्याला लाल रंग. चकत्या एकमेकींना धरताना एकदम चिकटू नयेत, हळुवार पकडाव्यात, यासाठी त्यात एक पदार्थ घालीत, आणि तो मिळे स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलातून. शिकागोच्या रस्त्यावर बाईसाहेबांच्या गाडीचा गिअर मऊ पडावा म्हणून दूरच्या समुद्रात देवमासा मरत होता, असा हा हिशेब. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाचे नाव संकटातल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाचा मार्ग बंद झाला. १९७३ च्या सुमारास देवमाशाविना केलेले डेक्सरॉन-दोन तेल आले, तर ते थंडाव्याच्या नळ्यांचे सांधे कुरतडते असे दिसून आले. पुन्हा पाककृती बदलावी लागली. तेल बदलले की पेटीचा स्वभाव बदलतो, हा धडा इथे एकदा मिळाला होता. पण असे धडे पुन्हा पुन्हा शिकावेच लागतात, हे मी शाळामास्तर या नात्याने सांगतो.

पुन्हा शिकायची पाळी आली क्रायस्लरवर. १९८९ सालच्या गाड्यांत तिने ए ६०४ नावाची चार गिअरांची पेटी आणली. तेलाची अक्कल जाऊन इथे संगणकाची अक्कल आली. आत फिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यांच्या गती मोजायला दोन संवेदक, तेलाची दारे उघडायला विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपा, ज्यांना आता सगळे सोलेनॉइड म्हणतात, आणि धरसोड सगळी क्लचच्या चकत्यांची. पट्टे नाहीत आणि खांदेपालट सावरून घेणारी एकेरी फिरणारी चाकेही नाहीत. म्हणजे प्रत्येक खांदेपालट नुसत्या वेळेच्या हिशेबावर. चकत्या झिजतील तसतसे त्या भरायला किती तेल लागते हे संगणक स्वतः शिके आणि वेळ जुळवून घेई. काही बिनसले आहे असे वाटले की तो गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये डांबून ठेवी, म्हणजे लंगडत का होईना, घरी पोचता यावे. कल्पना किती सुंदर! आणि तरीही ही पेटी बदनाम झाली. तिला विशिष्ट तेल हवे होते, पण मालकाच्या पुस्तकात आणि तेल तपासायच्या पट्टीवर डेक्सरॉनही चालेल असे छापलेले. लोकांनी विश्वासाने तेच ओतले. चकत्या थरथरू लागल्या, गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये अडकू लागल्या. मिस्त्री लोक पेटी काढून दुसरी घालीत, तर संगणकाला नव्या पेटीची ओळखच नसे. तो जुन्या झिजलेल्या चकत्यांचा हिशेब नव्यांवर चालवी आणि नवी पेटीही हिसके देई. त्याला पुन्हा शिकवावे लागते, हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. रोग्याच्या पायाशी टांगलेला कागद चुकीचा असला की डॉक्टरचे काय होते, तेच झाले.

अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून दोषांचे सांकेतिक आकडे सर्व कंपन्यांना सारखे ठेवावे लागले. पी ०७०० म्हणजे गिअरच्या कारभारात काहीतरी बिघाड आहे, सविस्तर पुढे पाहा. पी ०७१५ म्हणजे आतल्या गतीच्या संवेदकाची वार्ता धड नाही, पी ०७५० म्हणजे पहिल्या सोलेनॉइडची भानगड. आमच्या वाट्याला आलेला पी ०७३० म्हणजे चुकीचे गुणोत्तर. तो काय सांगतो पाहा. समजा, तिसऱ्या गिअरात आतली दांडी ३००० फेरे घेते तेव्हा बाहेरची २००० घ्यायला हवी. ती १७०० च घेते आहे, तर कुठेतरी चकत्या घसरताहेत किंवा मोजणारा खोटे बोलतो आहे. एवढेच. चकत्या का घसरताहेत हे तो आकडा सांगत नाही. झिजल्या म्हणून, झडप अडली म्हणून, पंप थकला म्हणून, की तेलच नाही म्हणून? आकडा ही रोग्याची तक्रार आहे, निदान नव्हे. पण ती छापील कागदावर येते आणि छापील अक्षरापुढे आपण सगळेच मान तुकवितो. जुन्या बखरींपुढे तुकवितो तशीच.

पेट्याही दिवसेंदिवस गुंतागुंतीच्या होत गेल्या. २००१ मध्ये बी. एम. डब्ल्यू. च्या मोठ्या गाडीत जर्मनीच्या झेड. एफ. कंपनीची सहा गिअरांची पेटी आली, २००९ मध्ये आठांची, २०१७ पर्यंत अमेरिकनांनी दहा गाठले. दुसरीकडे, १९३९ मध्ये आदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने मांडलेली दोन क्लचांची कल्पना २००३ मध्ये फोक्सवॅगनने रस्त्यावर आणली. तिथेही तेलाने दावा साधला. मार्च २०१३ मध्ये चीनच्या दूरचित्रवाणीवर या पेट्यांच्या तक्रारी गाजल्या आणि ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने जगभर कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचे ठरविले, कारण उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आतली वीज बंद पडत होती. उष्ण आणि दमट म्हणजे काय, हे गिरगावात वा गुहागरात राहणाऱ्याला विचारा.

आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोबरोबर स्वस्त स्वयंचलित गाड्यांचे पेव फुटले. त्यात ग्रहमाला नाही की टॉर्क कन्व्हर्टर नाही. साधीच गिअरपेटी, फक्त क्लच आणि दांडा यंत्राच्या हाती दिलेला. गिअर बदलताना तिथे क्षणभर ओढ तुटते आणि माणूस पुढे झुकतो. तो तिचा स्वभाव आहे, आजार नाही. मोठ्या गाड्यांतून उतरून तिच्यात बसलेले कितीतरी लोक दुरुस्तीला धावतात, तेव्हा मला ब्यूकचा तो ड्रायव्हर आठवतो.

असो. आमच्या गाडीचे सांगायचे राहिले. भाऊबीज झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला भोसरीकडच्या एका लहानशा कार्यशाळेत नेले. चाळिशीचा गृहस्थ, डोळ्यांवर चष्मा, हातात लॅपटॉप. पण तो उघडण्याआधी त्याने मुलीला विचारले, "ताई, केव्हापासून?" मी खुर्चीत सावरून बसलो. मग गरम झाल्यावर की थंड असताना, चढावर की सपाटीवर, कोणत्या गिअरात, अशी सरबत्ती. आणि शेवटी, "त्याआधी गाडीचे काही काम झाले होते?" मुलगी आठवू लागली. ऑगस्टमध्ये समोरून हलकासा धक्का बसला होता. बंपर आणि रेडिएटर बदलला होता, दुसरीकडे, स्वस्तात. गृहस्थ नुसता "हं" म्हणाला.

गिअरपेटीचे तेल थंड व्हायला या गाडीत रेडिएटरमधून फिरून येते. रेडिएटर काढला की त्यातले आणि नळ्यांतले तेल सांडते. ते पुन्हा भरायचे असते. पण पूर्वीसारखी तेल पाहायची पट्टी या गाडीला नाही. पेटी जन्मभरासाठी बंद, असे सांगून ती काढून टाकलेली. पट्टी नाही, म्हणून कोणी पाहिले नाही. त्याने गाडी सपाट उचलली, एंजिन चालू ठेवून तेल चाळीस अंशांच्या आसपास येऊ दिले, आणि पेटीच्या बुडाचे पातळीचे बूच काढले. तेल बरोबर असेल तर तिथून बारीक धार लागते. एक थेंब आला नाही. सवा लिटर तेल आत गेल्यावर कुठे धार लागली. चढावर उरलेले तेल मागे जाई, पंप हवा ओढी, दाब पडे, तिसऱ्याच्या चकत्या घसरत, आणि संगणक इमानाने लिही: पी ०७३०.

मी हर्षभरित झालो, तो झाला नाही. काढलेले तेल त्याने पांढऱ्या कागदावर घेतले. लाल नव्हते, विटकरी होते, आणि किंचित करपलेला वास होता. "काका, दोन महिने घसरल्यात चकत्या. किती झिजल्या हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उघडायची गरज आज नाही. वर्ष जाईल, पाच जातील, की सहा महिनेही जाणार नाहीत, शब्द देत नाही." सगळे तेल बदलून, संगणकाला नव्याने शिकवून त्याने अकरा हजार चारशे घेतले. संगणकाने शिकलेले आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले आणि सहा महिन्यांनी या म्हणाला.

वैशाखात आम्ही गेलो. तिसऱ्याचा आकडा थोडा वाढला होता. थोडा म्हणजे किती, आणि काळजी करण्याइतका का, असे मुलीने विचारले. तो म्हणाला, "अजून दोनदा पाहिल्यावर सांगेन." मुलीने दोन लाख ऐंशी हजारांतले निम्मे बँकेत वेगळे ठेवले आहेत; तिचा हिशेब तिच्या आजोळच्या वळणाचा आहे.

या वसुबारसेला पुन्हा त्याच घाटाने जायचे आहे. नातवाला मी गिअर ऐकायला शिकविले आहे. खोपोली सुटली की तो मागून मोजतो, "आजोबा, दुसरा. आजोबा, तिसरा," आणि तिसरा म्हणताना आम्ही तिघेही बोलायचे थांबतो.